रिकाम्या देवळ्या

थेम्स नदीच्या उगमापाशी 1958 साली एक म्हातारा आणून बसवला गेला. दाढीवाला, अंग सैल टाकून पहुडलेला, खांद्याशी फावडं, भोवती मालाचे गठ्ठे. रफाएले मोंती या इटालियन शिल्पकाराने 1854 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या बागेसाठी हा 'फादर थेम्स' घडवला होता. उगमाची जागा म्हणजे कॉट्सवोल्डच्या पठारावरचं एक कुरण. आसपास वस्ती नाही, राखण नाही. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्याची मोडतोड सुरू केली, तेव्हा 1974 मध्ये त्याला उचलून पंचवीसेक किलोमीटरवर, लेचलेडच्या सेंट जॉन्स लॉकपाशी (लॉक म्हणजे नावा वर चढवायचा-उतरवायचा दरवाजांचा हौद) नेलं. पुढे तीनच वर्षांनी, 1977 मध्ये, त्या कुरणापासून जेमतेम दोन किलोमीटरवर, कोट्स गावाजवळच्या एका जुन्या कालव्याच्या बोगद्याचं दगडी तोंड दुरुस्त झालं. झिजलेले दगड बदलले, खांब नीट केले, सांधे भरले. खांबांच्या जोड्यांमध्ये दोन्ही बाजूंना एकेक देवळी आहे. त्या दोन्ही होत्या तशा रिकाम्याच ठेवल्या. त्यातली एक याच फादर थेम्ससाठी होती असं सांगतात. दुसरी सेव्हर्न नदीच्या देवीसाठी, सॅब्रिनासाठी.

ही जुळणी माझ्या मनातून जात नाही. देव दोन किलोमीटरवर सोळा वर्षं उघड्यावर पडून होता, आणि देवळी दोनशे वर्षांच्या जवळपास त्याच्या वाटेकडे डोळे लावून. व्यवहाराचं उत्तर सोपं आहे. मोंतीचा म्हातारा आडवा आहे आणि देवळी उभी. अशा देवळीत पायांवर उभी मूर्ती लागते, पाठीमागचा गोलावा तिला सावली देतो आणि डोक्यावरची छोटी कमान प्रभावळीचं काम करते. पहुडलेला माणूस तिथे मावणार नाही, आणि मावला तरी शोभणार नाही. तरीही मनातली टोचणी जात नाही, कारण खरा प्रश्न मूर्तीचा नाहीच. डोंगराच्या पोटात शिरणाऱ्या काळ्या भोकाला इतकं देखणं तोंड कुणासाठी केलं, आणि इतकं करून देवळ्याच रिकाम्या का सोडल्या?

हा सॅपर्टनचा बोगदा. थेम्स अँड सेव्हर्न कालव्याचा. पश्चिमेकडची सेव्हर्न आणि पूर्वेकडची थेम्स यांच्या मधे कॉट्सवोल्डची धार आडवी येते, आणि ती ओलांडायला 1784 ते 1789 या काळात हा खोदला. लांबी 3,817 यार्ड, म्हणजे साधारण 3,490 मीटर. पुरा झाला तेव्हा इंग्लंडात एवढा लांब कालवा-बोगदा दुसरा नव्हता, आणि 1811 मध्ये स्टँडेजचा बोगदा उघडेपर्यंत तो मान याच्याकडे राहिला. पण लांबीपेक्षा रुंदी पाहावी. त्या काळातले बरेच कालवा-बोगदे सात फुटी अरुंद नावांपुरते खोदलेले. सॅपर्टन पंधरा फूट रुंद आणि जवळजवळ तेवढाच उंच. कारण इंजिनियर रॉबर्ट व्हिटवर्थच्या आखणीत थेम्सवरच्या बारा फुटी बार्ज, म्हणजे रुंद मालवाहू नावा, यातून जायच्या होत्या. अरुंद बोगद्यापेक्षा रुंदी दुप्पट झाली की उकरायचा दगड दुपटीवर थांबत नाही, कारण उंचीही वाढते. कमानीचा गाळा वाढतो, तिच्या वरचा भार वाढतो आणि आधाराचं लाकूडही त्याच मापाने वाढतं. पुढच्या अनेक दुखण्यांचं मूळ या एका निर्णयात आहे. तो निर्णय चुकीचा होता असं मात्र मला वाटत नाही. थेम्सची बार्ज डोंगरापलीकडे जाणारच नसेल तर दोन नद्या जोडण्यात अर्थ काय?

कोट्सकडचं तोंड अर्ल बॅथर्स्टच्या मालकीच्या रानात येतं. सायरेन्सेस्टरच्या त्यांच्या वाड्याभोवती मैलोन्‌मैल पसरलेली, रांगा धरून लावलेली झाडी, मधूनमधून उभारलेल्या शोभेच्या इमारती, असं ते रान. तिथून जाणारा कालवाही शोभेलसाच हवा होता. म्हणून घडीव चुनखडीचा दर्शनी भाग, गोल कमान, बाजूला खांब, देवळ्या, सगळा रोमन थाट. पलीकडचं डेनवेचं तोंड दरीत, झाडीत, कामकऱ्यांच्या वाटेवर. तिथे साधं दगडकाम, वर किल्ल्याच्या तटासारखे चर्‍ये, बस्स. एकाच बोगद्याची ही दोन तोंडं शेजारी ठेवून पाहिली की कोणत्या बाजूने कोण येणार होतं ते कळतं. जुलै 1788 मध्ये तिसरा जॉर्ज राजा चेल्टनहॅमला हवापालटाला आला असताना हे काम पाहायला आला. कोट्सच्या तोंडापुढचा कालव्याचा खोल खोदलेला भाग अजून 'किंग्ज रीच' म्हणून ओळखला जातो. डेनवेला काय उरलं, तर वीट रचणाऱ्यांच्या नावाची खानावळ. 'ब्रिकलेयर्स आर्म्स' हे तिचं जुनं नाव. मला हे नाव राजाच्या नावाइतकंच मोलाचं वाटतं, कारण बोगदा उभा आहे तो त्या विटांवर.

आता आतलं काम. डोंगरावरून बोगद्याची रेघ खुंट्या ठोकून आखली आणि त्या रेघेवर वरून खाली पंचवीसेक विहिरी उतरवल्या. सर्वांत खोल सुमारे 240 फुटांची. सरासरीने पाहिलं तर दोन विहिरींमधलं अंतर 130-135 मीटर पडतं. विहीर बोगद्याच्या पातळीला पोचली की तिच्या तळातून दोन तोंडं फुटतात, एक पूर्वेकडे, एक पश्चिमेकडे. म्हणजे दोन्ही टोकं धरून एकाच वेळी पन्नासावर जागी खोदकाम चालू शकतं. प्रत्येक विहिरीच्या तोंडावर घोड्याचा रहाट. घोडा गोल फिरतो, दोर आडव्या पिंपावर गुंडाळला जातो, डबराची बादली वर येते आणि रिकामी खाली जाते. आपल्याकडची मोट बैल उताराने ओढत नेत. इथे घोडा वर्तुळात फिरतो एवढाच फरक, बाकी दोराचं कुरकुरणं आणि विहिरीतून वर येणारा ओल्या दगडाचा वास तोच असणार. वर आलेलं डबर विहिरीच्या काठाशीच टाकलं. हेली वूडच्या रानात या ढिगांची रांग आजही चालते. टेकाडांवर बीचची झाडं उंच झाली आहेत. जमिनीखालून बोगदा कुठून गेला ते वरून नकाशाशिवाय वाचता येतं.

कठीण काम म्हणजे वरची रेघ खाली नेणं. दिशा दाखवायला दोन बिंदू लागतात, आणि विहिरीत ते दोन बिंदू विहिरीच्या रुंदीपेक्षा लांब ठेवता येत नाहीत. विहिरीच्या तोंडावर तुळई टाकायची, तिच्यावर बोगद्याच्या रेघेत दोन खुणा करायच्या, आणि प्रत्येक खुणेवरून एकेक ओळंबा सोडायचा. साठ-सत्तर मीटर लांब दोरीला टांगलेला ओळंबा स्वस्थ राहत नाही. विहिरीतून वारा वर चढतो, भिंतींतून गळणारं पाणी दोरीवर पडतं, दोरी पीळ सोडते. म्हणून वजन पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवून ठेवायचं, म्हणजे झोके मरतात. दोन्ही दोऱ्या स्थिर झाल्या की त्यांच्या मागे मेणबत्ती धरून एका डोळ्याने पाहायचं. एक दोरी दुसरीमागे लपली की ती दिशा. आठ फुटी विहीर धरली आणि एका ओळंब्याची चूक एकच मिलिमीटर धरली, तर शेजारच्या विहिरीकडून येणाऱ्यांना भेटायला सत्तर मीटर जाईपर्यंत ती चूक तीन सेंटिमीटरची होते. पाच मिलिमीटर चुकलं तर चौदा सेंटिमीटर. समोरून येणाऱ्यांचीही तेवढीच चूक उलट्या बाजूला असली तर दुप्पट. म्हणून आधी पूर्ण मापाचा बोगदा खोदत नाहीत. माणूस वाकून जाईल एवढं अरुंद भुयार पुढे काढतात, दोन्ही बाजू भेटल्या की खरी रेघ काढतात, आणि मग भोवतीचा दगड काढून पंधरा फुटी माप आणतात. भुयारातली चूक त्या रुंदीकरणात पोटात घालता येते.

दगड फोडायला काळी दारू. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण मारायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची, नाहीतर ती भोकात अडकते. दोन-तीन फूट खोल भोक झालं की लांब दांड्याच्या पळीने भुकटी काढायची, भोक कोरडं करायचं, तळाशी दारू भरायची. त्यात एक बारीक सळई उभी ठेवून भोवती माती ठासायची आणि मग सळई हळूच उपसायची, म्हणजे दारूपर्यंत नळी राहते. ही सळई तांब्याची चांगली. लोखंडाची असली आणि गारेला घासली तर ठिणगी पडते, आणि ठासणाऱ्याचं तोंड त्याच भोकावर असतं. नळीत गवताच्या पोकळ काडीत किंवा पिसाच्या दांड्यात दारू भरून वात सोडायची. किती वेगाने जळेल याचा भरवसा नाही. सुरक्षित जळणारी सुरुंगाची वात विल्यम बिकफर्डने 1831 मध्ये काढली, सॅपर्टननंतर चाळीसहून अधिक वर्षांनी. इथल्या प्रत्येक सुरुंगाला वात लावणारा माणूस अंदाजावर पळाला आहे. पळायचं म्हणजे तरी कुठे, मागच्या अंधारात. वर जाणाऱ्या एकाच विहिरीतून धूर निघायला वेळ लागे आणि मेणबत्त्या त्या धुरात पिवळ्या पडत. हे सगळं कोट्सच्या घडीव दगडांना शंभर वेळा पाहूनही दिसत नाही.

पहिल्या कंत्राटदाराला मधेच काढावं लागलं आणि बोगद्याचे तुकडे वेगवेगळ्या लोकांना वाटून दिले गेले. जोसाया क्लाउस जागेवर राहून काम पाहणारा इंजिनियर. एप्रिल 1789 मध्ये पहिली नाव बोगद्यातून पार झाली आणि नोव्हेंबरात सेव्हर्नकडून आलेली नाव थेम्समध्ये उतरली.

डोंगर मात्र तीन जातींचा निघाला.

कोट्सकडून आत शिरताना लागते ग्रेट ओओलाइट ही चुनखडी, म्हणजे माशाच्या गाबोळीसारखे बारीक गोल दाणे एकमेकांना चिकटून झालेला दगड. घडवायला सुरेख, मधाच्या रंगाचा, कॉट्सवोल्डची घरं याच जातीच्या दगडाची. त्याच्या खाली फुलर्स अर्थ नावाचा चिकणमातीचा थर, आणि त्याखाली पुन्हा चुनखडी, इन्फीरियर ओओलाइट. बोगदा जवळजवळ सपाट जातो आणि थर तिरके आहेत, त्यामुळे वाटेत तिन्ही भेटतात. फुलर्स अर्थ आपल्या घरात चेहऱ्याला लावायच्या पुडीत असते. मुलतानी माती ती हीच. लोकरीच्या कापडातलं तेल ओढून घ्यायला फुलर, म्हणजे विणलेलं कापड धुऊन दाट करणारे कारागीर, ती वापरत, म्हणून हे नाव, आणि बोगद्याच्या पश्चिमेची स्ट्राउडची दरी तर लोकरी कापडाचीच, ब्रिटिश सैन्याच्या लाल डगल्यांची. तेल ओढणारी माती पाणीही ओढते आणि फुगते. तिच्यात तोच खनिज-गट आहे जो आपल्या काळ्या कापूस जमिनीत आहे. मराठवाड्यात, विदर्भात ज्याने घर बांधलं आहे त्याला वेगळं सांगायला नको. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा, पावसाळ्यात तीच भुई वर उचलून येते, आणि जोत्यापासून खिडकीपर्यंत भिंतीला तिरका तडा जातो. तशी जमीन पायाखाली असणं निराळं आणि डोक्यावर, दोन्ही बाजूंना आणि पायाखाली एकदम असणं निराळं.

म्हणून चुनखडीतला बोगदा बराचसा उघडाच ठेवला, सुरुंगाच्या खुणांसह, आणि मातीच्या भागात विटांची कमान घातली. लाकडी सेंटरिंग उभं करायचं, दोन्ही बाजूंच्या भिंती वर आणायच्या, कमानीचे थर दोन्हीकडून एकदम चढवत न्यायचे म्हणजे सेंटरिंग एका बाजूला कलत नाही, आणि शेवटी माथ्याची वीट बसवायची. विटांची पाठ आणि वरची माती यांच्यातली पोकळी डबराने घट्ट भरायची. ही भरण ढिली राहिली तर माती एका जागी येऊन कमानीवर बसते, आणि कमान सारखा भार पेलते, एका जागचा ठोसा पेलत नाही. मातीत तळही साधा चालत नाही. बाजूच्या भिंती आत सरकू पाहतात, तळ वर येऊ पाहतो. त्याला उलटी कमान लागते, खाली पोट असलेली, म्हणजे विटांचं कडं पुरं होतं.

चुनखडीचं दुखणं उलट्या जातीचं. ती उभी राहते, पण पाणी धरत नाही. आत भेगा, पोकळ्या, पाण्याच्या वाटा. म्हणून कालव्याच्या तळाला आणि कडांना तुडवलेल्या चिकणमातीचा थर देतात. माती बारीक कापायची, भिजवायची, सहा-नऊ इंचांचा थर पसरायचा आणि माणसांनी पायांनी इतका तुडवायचा की आधीच्या थराशी तो एकजीव व्हावा, मग त्यावर पुढचा. दोन-तीन फूट जाडी आली की पाणी थांबतं. अट एकच, ती माती पुन्हा कधी कोरडी पडता कामा नये. सॅपर्टनच्या माथ्यावर ही अट पाळणं अशक्यच होतं, आणि कारण साधं आहे. हिवाळ्यात पठारावर पाऊस मुरतो, भूजल चढतं आणि चुनखडीतल्या उमाळ्यांचा दाब कालव्याच्या तळाखालून वर येतो. मातीचा थर खालून उचलला जातो, फोडासारखा फुगतो आणि फुटतो. त्या दिवसांत त्याचा त्रास जाणवत नाही, कारण पाणी आत येत असतं. उन्हाळ्यात भूजल उतरतं, आणि हिवाळ्यात आत येण्यासाठी पडलेल्या त्याच भोकांतून कालव्याचं पाणी खाली निघून जातं. पाणी उतरलं की उघडी पडलेली माती वाळते, भेगाळते, भोकं वाढतात. पाणी ज्या महिन्यांत दुर्मीळ, नेमकी त्याच महिन्यांत गळती सर्वांत मोठी.

आणि ही सगळी माथ्याची पट्टी, म्हणजे कालव्याचा सर्वांत उंचावरचा सपाट भाग. कालव्याला माथ्यावर पाणी द्यावंच लागतं, कारण नाव चढो की उतरो, प्रत्येक लॉक एक हौदभर पाणी माथ्यापासून दूर, खाली सोडतो. समुद्रसपाटीपासून सुमारे 110 मीटरवरची ही पट्टी बोगद्यासह तेरा किलोमीटरच्या आसपास. पाणी आणायचं कुठून? चर्न नदीतून, पण तिच्यावर पाणचक्क्यांचे हक्क. उरलेलं थेम्सच्या उगमाच्या झऱ्यांतून, विहीर खणून उपसून. आधी पवनचक्की लावली, मग 1792 मध्ये बोल्टन अँड वॉटचं वाफेचं इंजिन, 1854 मध्ये त्याच्या जागी दुसरं, कॉर्निश धाटणीचं. जिथे पुढे तो म्हातारा बसवला त्याच झऱ्यांचं पाणी कोळसा जाळून वर चढवायचं आणि फुटक्या घागरीत ओतायचं, असं ते शतकभर चाललं. कालव्यावर देखरेख करणाऱ्यांसाठी बांधलेली पाच गोल घरं अजून उभी आहेत. त्यातल्या तिघांची छपरं उलटी होती, नरसाळ्यासारखी आत उतरणारी, पावसाचं पाणी घरासाठी साठवायला. कोट्सचं गोल घर त्यातलंच. घराला पाणी मिळालं, कालव्याला मिळालं नाही.

नावा आत कशा जात, हेही सांगायला हवं. बोगद्यात घोड्यासाठी वाट नव्हती. घोडा सोडून त्याला डोंगरावरून पलीकडच्या तोंडाला नेत, आणि नाव पायांनी चाले. दोन माणसं नावेच्या पुढच्या भागात आडव्या फळीवर पाठ टेकून, डोकी आत आणि पाय बाहेर करून निजत, आणि दोन्हीकडच्या भिंतींवर तळवे रोवून चालल्यासारखे पाय टाकत. बारा फुटी बार्ज असली तर दोन्ही बाजूंना जेमतेम दीडदीड फूट उरे आणि भिंत पायाला लागे. सात फुटी नाव असली तर चार-चार फूट मोकळे, मग फळी बाहेर काढून तिच्या टोकावर निजावं लागे. पाय निसटला तर माणूस नाव आणि भिंत यांच्यामधल्या पाण्यात. उघड्या चुनखडीत पायाला पकड मिळे, पण दगड सपाट नव्हता. विटांच्या भागात भिंत गुळगुळीत आणि ओली. तीन तासांहून जास्त वेळ लागे. समोरून बार्ज आली तर दोघींना एकमेकींजवळून जायला जागा नाही, त्यामुळे कोणत्या बाजूने केव्हा शिरायचं याच्या वेळा ठरवाव्या लागत. तीन तास अंधार, छतावरून ठिबकणारं थंड पाणी, नखाएवढा दिसणारा मागचा उजेड हळूहळू विझत जाणं, आणि पाठीच्या कण्यातून पायांत जाणारी ती लय. या बोगद्याचं मोठेपण मोजायचं तर ते मी इथून मोजेन.

कालवा फार कमावता झाला नाही. दक्षिणेला केनेट अँड एव्हन कालवा 1810 मध्ये पुरा झाला. 1845 मध्ये त्याच डोंगरातून रेल्वेचा बोगदा गेला. शतकाच्या अखेरीस माथ्याची पट्टी बंद पडली. 1901 मध्ये ग्लॉस्टरशायरच्या काउंटी कौन्सिलने कालवा हाती घेतला, गळक्या भागांवर खर्च केला आणि वाहतूक पुन्हा सुरू केली. पण 1911 नंतर माल भरलेली नाव माथ्यावरून गेली नाही. पूर्वेकडचा भाग 1927 मध्ये सोडून दिला, उरलेला 1933 मध्ये. हे थोडक्यात सांगतोय, कारण या मरणात नवल नाही. नवल आहे ते सव्वाशे वर्षं तो चालवत राहिलेल्यांचं. दर काही वर्षांनी बोगदा बंद करायचा, गाळ काढायचा, माती पुन्हा तुडवायची, फुगून आलेला तळ छाटायचा, आणि पुढच्या हिवाळ्याची वाट पाहायची.

आज आत काय आहे? दोन मोठ्या पडझडी, त्या मुलतानी मातीच्या पट्ट्यात. त्यांच्यामधल्या भागात कुणी जाऊ शकत नाही. बाजूच्या चुनखडीतला मोठा भाग मात्र दोनशेहून अधिक वर्षांनंतर तसाच आहे, ज्यांनी पहार फिरवली त्यांच्या भोकांच्या अर्ध्या नळ्या भिंतींवर घेऊन. कालव्याचं काम पाहणारी कॉट्सवोल्ड कॅनल्स ट्रस्ट ही संस्था कोट्सच्या बाजूने लोकांना नावेतून आत नेत असे, आणि त्या फेऱ्या हिवाळ्यात असत. सुट्ट्या उन्हाळ्यात असतात, पर्यटक उन्हाळ्यात येतात, पण बोगद्यात पाणी असतं हिवाळ्यात. हे कळलं तेव्हा मला या डोंगराबद्दल विलक्षण आपुलकी वाटली. तो 1789 पासून एकच गोष्ट सांगतोय.

कालवा जिवंत करण्याचं काम पश्चिमेकडून, स्ट्राउडच्या बाजूने चाललं आहे आणि एक दिवस ते या तोंडाशी येईल. तोंडं आधी नीट झाली, कोट्सचं 1977 मध्ये, डेनवेचं 1996 मध्ये. ते योग्यच होतं. ढासळता दगड थांबत नाही आणि लोकांचा जीव जडायला काहीतरी डोळ्यांना दिसावं लागतं. पण पुढे पैसा येईल तेव्हा पहिला रुपया म्हणा, पौंड म्हणा, त्या पडलेल्या मातीच्या पट्ट्यावर जायला हवा, हे माझं ठाम मत आहे. तिथे डबर नुसतं उपसून भागणार नाही. एक बादली काढली की वरून दोन येतील, कारण पडझडीच्या वर पोकळी तयार झालेली असते आणि तिचं छत अधांतरी असतं. आधी वरून भोकं पाडून ती पोकळी भरायची, मातीत शिरणारं पाणी बाजूला वळवायचं, मग हातहात पुढे सरकत पुरं गोल कडं घालत जायचं, तळाच्या उलट्या कमानीसह. जुन्या विटांचा जो भाग उभा आहे तो चुन्यात बांधलेला आहे. त्याची दुरुस्ती चुन्यातच व्हावी. चुन्याचा सांधा थोडं हलणं सोसतो, ओल बाहेर सोडतो. कडक सिमेंट भरलं की ओल विटेतून वाट काढते आणि थंडीत विटेचा चेहरा पापुद्र्यांनी सुटतो.

आणि देवळ्या? पूर्वी मला वाटे की कुणीतरी एक उभा थेम्स आणि एक सॅब्रिना घडवून तिथे ठेवावी, निदान डोळ्यांत सलणं तरी जाईल. आता वाटत नाही. ज्यांनी त्या कोरल्या त्यांनी मूर्ती का बसवल्या नाहीत ते उघड आहे. 1789 नंतर या कंपनीकडे आलेला पैसा त्याच कालव्याच्या तळात गेला, मातीत आणि कोळशात. त्या रिकाम्या देवळ्या म्हणजे बोगद्याच्या आतल्या गोष्टीची बाहेर दिसणारी एकमेव खूण आहे. नव्या मूर्तीने ती खूण पुसली जाईल. 1977 च्या गवंड्यांनी त्या तशाच रिकाम्या ठेवल्या, याबद्दल मला त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

म्हातारा लेचलेडला सुखात आहे. तिथे नावा आहेत, माणसं आहेत, आणि कालवा जिथे थेम्सला मिळायचा ते इंगल्शम तिथून थोडंसंच वर. म्हणजे तो कालव्याच्या शेवटाशी जाऊन बसला आहे. इकडे कोट्सला सप्टेंबरात कालव्याच्या तळात चिखल आणि गवत असतं. मग पाऊस मुरत जातो, उमाळे जागे होतात, आणि भर हिवाळ्यात किंग्ज रीचमध्ये पाणी वर येतं, स्वच्छ, हिरवट, थंड. वारा नसेल त्या दिवशी कमानीचा अर्धगोल पाण्यात उतरून पुरा गोल होतो, खांब दुप्पट लांब होतात, आणि दोन देवळ्यांच्या चार दिसतात.